पंखा बंद ठेवा

अण्णांचे डोळे दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंतच कामाचे होते. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते गेले, आणि सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात हे त्यांनीच आम्हाला शंभर वेळा ऐकवलं होतं. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. नेत्रदानाचा फॉर्म भरला आणि फ्रेम करून भिंतीवर लावला. पाहुणे आले की चहाच्या आधी तो फॉर्म दाखवायचे.

परभणीच्या नेत्रपेढीची गाडी नेमकी त्या दिवशी सेलूच्या शिबिराला गेलेली. न्यायला आलात तर डोळे काढणारी आमची मुलगी पाठवतो, असं ते फोनवर म्हणाले. घरात गाडी चालवता येणारी मी एकटी. त्यात धम्मानंदकाका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, अडून बसले. "माणसाला धड डोळ्यानं तरी जाऊ द्या!" या एका वाक्यावर दोन तास गेले. शेवटी आई उठली आणि म्हणाली, "सुकेशनी, तू निघ. इथलं मी बघते."

निघताना तिला बजावलं, डोळ्यांवर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी दे, आणि काही झालं तरी वरचा पंखा लावू देऊ नको. वाऱ्याने बुबुळं वाळतात. मे महिना, पत्र्याचं घर, आत पन्नास माणसं. आपण काय मागतोय हे मला कळत होतं.

जाताना एकटीच होते. डावीकडची सीट मोकळी होती. मी गाडी शिकल्यापासून अण्णा तिथेच बसायचे, आणि मी जरा घाबरले की म्हणायचे, "तू रस्ता बघ, काटा मी बघतो." गुडघे दुखायचे त्यांचे. गाडी थांबली रे थांबली की हात खाली नेऊन चोळत बसायचे.

परत येताना त्या सीटवर अर्पिता होती. नेत्रपेढीतली, पंचविशीची, शांत मुलगी, मांडीवर बर्फाचा पांढरा डबा. दोनला पाच कमी असताना आम्ही चुडाव्याच्या फाटकाशी पोचलो आणि फाटक आमच्या तोंडावर पडलं. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना. दुसरी यायची होती.

"ताई, एसीतून गरम हवा यायलीय," अर्पिता म्हणाली.

इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं तर तो लाल पट्ट्याला टेकलेला. बोनेट उघडलं. इंजिन चालू, आणि रेडिएटरचा पंखा ढिम्म. इंजिन बंद करून पूर्णेच्या पप्पू मेकॅनिकला फोन लावला.

"पळती ऱ्हायली की वाऱ्यानं थंड ऱ्हाती ताई, थांबली की फॅन पायजेच. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, तोंड भाजंल. आधी फ्यूज बघा."

फ्यूज शाबूत होता.

"मंग रिले बघा. काळ्या चौकोनी डब्या असतेत. हॉर्नची काढून फॅनच्या जागी लावा, दोन्ही सारख्याच."

लावली आणि गाडी चालू केली. हॉर्न गेला, पंखा काही फिरला नाही.

"मोटारच गेली असंल. आता गाडी तितंच ठिवा अन्..."

"पप्पू, माझ्या बापाचे डोळे काढायचेत तीनच्या आत! गाडी ठेवून काय करू, पळत जाऊ?"

तो हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी गेले व्हय? ताई, काचा उघडा अन् हीटर फुल सोडा. इंजिनातली गर्मी आत ओढंल. तेवढ्यावर जमतंय का बघा."

सव्वादोनला फाटक उघडलं. पुढे घरापर्यंत सात किलोमीटर, सगळा रस्ता उकरून ठेवलेला, दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. म्हणजे वारा लागायचा प्रश्नच नव्हता. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि आम्ही हीटर लावून बसलेलो. अर्पिताने स्वतःची ओढणी काढून डब्याला गुंडाळली. तेवढ्यात घरून फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सुके, लेकरं रडायलेत गर्मीनं. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली," काका ओरडत होते. "दोन मिनिटं फॅन लावतो."

"नाही लावायचा! आई कुठंय?"

"ती बटनाला पाठ लावून बसलीय. हटायला तयार न्हाई."

"मग तिला हटवू नका."

दोन किलोमीटरवर काटा पुन्हा लाल पट्ट्यात गेला आणि बोनेटखालून वाफ यायला लागली. गाडी बाभळीखाली घेतली. दोन पंचवीस. मी बोनेट वर केलं आणि मला अण्णांचाच राग आला. साऱ्या तालुक्याच्या पोरांना विज्ञान शिकवलं, पण पोटच्या पोरीला गाडीचा पंखा कसा चालतो ते सांगितलं नाही. असे कसे गेलात तुम्ही, न सांगता?

वाफ जरा कमी झाल्यावर आत डोकं घातलं. पंख्याच्या मोटारीपाशी एक लाल वायर दिसली. बाकीच्या वायरी कंपनीच्या, काळ्या नळीत बसवलेल्या. ही एकटीच बाहेरून आलेली, आणि तिच्या जोडावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. आमच्या घरी चष्म्याच्या काडीपासून कुकरच्या दांडीपर्यंत सगळीकडे हीच पट्टी असायची. तिच्यावर निळ्या पेनाने, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पंखा'.

वायरवर बोट ठेवून मी मागे मागे गेले. ती बॅटरीला वळसा घालून एका भोकातून गाडीच्या आत शिरली होती. डाव्या बाजूला.

"अर्पिता, पाय बाजूला घ्या."

तिने डबा छातीशी धरून पाय वर घेतले. डॅशबोर्डखाली, बरोबर बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, घरातल्या बोर्डावर असतं तसलं एक बटण स्क्रूने बसवलेलं होतं. चावी फिरवली आणि ते दाबलं. बोनेटखाली पंखा घोंगावत सुरू झाला.

गुडघे नव्हते दुखत त्यांचे. गाडी थांबली की पंखा लावायचे, पळू लागली की बंद करायचे. दोन वर्षं मी समजत होते की गाडी मी चालवतेय. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. काटा खाली येईपर्यंत अर्पिताने माझा हात धरून ठेवला.

पावणेतीनला घरी पोचलो. बटण बंद केलं आणि उतरले. आत घरभर घामाचा वास. आई खरंच बोर्डाला पाठ लावून बसली होती, लुगडं अंगाला चिकटलेलं. आणि मघापर्यंत फोनवर ओरडणारे काका अण्णांच्या उशाशी बसून वाटीतल्या पाण्यात कापूस भिजवत होते.

"धा मिन्टाला बदलायलोय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "वाळू न्हाई दिला."

सगळ्यांना बाहेर काढलं. तीन वाजून सहा मिनिटांनी अर्पिताने दार उघडलं. "दोन्ही नीट मिळाले, ताई." अण्णांच्या मिटलेल्या पापण्या होत्या तशाच दिसत होत्या. काकांनी वाकून, अगदी जवळून बघितलं आणि डोळे पुसले.

"वहिनी, आता लावू का फॅन?"

आई भिंतीला धरून उठली आणि तिने स्वतःच बटण दाबलं. पत्र्याखाली गरम वारा फिरला. अण्णांच्या कपाळावरचे केस हलले.

अंत्यविधीसाठी भंतेजी पाच वाजता यायचे होते. नेत्रपेढीची गाडी पूर्णेपर्यंत येणार होती, म्हणून अर्पिताला सोडायला मी निघाले. चुडाव्याचं फाटक पुन्हा बंद. मी थांबले. डावीकडे अर्पिताच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेला डबा होता. म्हणजे अण्णा नेहमीच्याच जागेवर होते, पण त्यांचा हात आता खाली जाणार नव्हता.

मी वाकून बटण दाबलं. पंखा सुरू झाला. मग मी काट्याकडे बघत बसले.