तांब्याच्या घरातली घरघर

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. आज मला एक गोष्ट पुरती सांगायची आहे, आणि ती अर्धी ऐकून कुणी उठून गेलेले मला चालणार नाही.

मी एक जुना पिकअप आहे. सामान वाहणारी गाडी नव्हे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसलेली काळी पट्टी. माझ्या पोटात सहा लोहचुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ज्या बाईंनी ते गुंडाळले त्यांच्या हातून तार तीनदा तुटली. चौथ्यांदा मी जन्मलो. म्हणूनच असेल, पण मी सहजी हार मानत नाही.

माझे काम साधे आहे. गिटारची पोलादी तार थरथरली की ती थरथर मी विजेच्या रूपाने पुढे पाठवतो आणि स्पीकर गातो. पण ऐकायचे म्हटले की सगळेच ऐकू येते. ट्यूबलाइट, पंखा, भिंतीतली वायर, सगळ्यांची कटकट माझ्या कानी पडते. ती घरघर जमिनीत वाहून जावी म्हणून गिटारमध्ये अर्थिंगची वायर असते. ती नीट असली की मी गुणाचा, आणि कुठे खंड पडला की दोष माझ्या माथी! ऐकू येणे हा गुन्हा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

माझी गिटार एका ताईची. तिचे बाबा सभागृहात गात गात देवाची कथा सांगतात आणि ताई मागून साथ करते. ऐन प्रसंगी बाबा थांबतात. सगळे सभागृह श्वास रोखून धरते. मित्रांनो, त्या शांततेसाठी माणसे लांबून येतात. आणि नेमका त्याच शांततेत मी हलकेच घरघरायचो.

ताईचे मामा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. भाचीवर जीव फार. ते म्हणाले, "आण इकडे, कायमचा बंदोबस्त करतो." त्यांनी गिटारचे पोट उघडून आतून सगळीकडे तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. बाहेरची कटकट अडवायला असे तांब्याचे घर चांगलेच. मला तर वाटले, आपले दिवस पालटले.

पुढच्या कथेला मी दुपटीने घरघरलो. पहिल्या रांगेतल्या आजींनी शेजारणीला विचारले, "भुंगा शिरलाय का गं?" बाबांची शांतता मोडली. ताईची मान वर झाली नाही.

"पिकअपच म्हातारा झालाय," मामांनी निकाल दिला. "उद्या काढून टाकू. दुसरा बसवू, तारेच्या दोन गुंडाळ्यांचा."

"त्याचा आवाज असा येईल का पण?" ताईने विचारले.

"असा नाही येणार. पण गप्प बसेल."

गप्प बसण्यासाठी का माझा जन्म होता? मी रागाने धुमसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी वायरींना डाग द्यायचे सोल्डरिंग आयर्न तापत ठेवले. गिटार उघडी, स्पीकर चालू, माझी घरघर जोरात. ताईचा डावा पंजा तारांवर होता. माझी वायर बाजूला करायला तिने उजवा हात आत घातला आणि बोट पत्र्याला लागले. मी एकदम शांत झालो.

"मामा, थांब. हे बघ. बोट लावलं की गप्प, काढलं की सुरू."

"तुझ्या बोटात काय औषध आहे?" मामांनी स्वतःचे बोट लावले. मी आणखी खवळलो.

"तुला बघून चिडतोय तो," ताई हसली. "दुसरा हात तारांवर ठेव ना."

मामांनी ठेवला. मी शांत. मामांनी तारांवरचा हात दोनदा उचलून परत ठेवून पाहिला.

"तारांना अर्थिंग आहे," ते हळूच म्हणाले, "पत्र्याला नाही. आपल्या अंगातून मिळालं तेवढंच."

घोळ त्यांच्याच हातचा होता. धातूला धातू उघडा लागू द्यायचा नाही, कुणाला शॉक बसू नये, हा मामांचा तीस वर्षांचा नेम. त्याच नेमाने त्यांनी पत्रा आणि अर्थिंगला जोडलेले आवाजाच्या बटणांचे लोखंड यांच्यामध्ये चिकटपट्टी लावली होती. इतर कुठे ती माया ठरली असती; इथे तिने माझ्या घराचा जमिनीशी संबंधच तोडला. अर्थिंग नसलेला पत्रा बाहेरची कटकट अडवायची सोडून गोळा करत होता.

मामांनी ती चिकटपट्टी सोलली, एक छोटी वायर जोडली. घरघर गेली. अगदी बारीक गुणगुण उरली. ती माझी आहे, एका गुंडाळीच्या पिकअपची, आणि ती मी कुणाला देणार नाही. बाबांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, "राहू दे तेवढी. माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतोच की."

तेव्हा मित्रांनो, कुणाला त्याच्या जागेवरून उपटण्याआधी एकदा बोट लावून बघा. दोष कुठे आहे ते नीट शोधा.

आणि एक मागणे आहे. मामांना पट्टी गुपचूप सोलता आली असती, कुणाला कळलेही नसते. पण कथेच्या आधी भरल्या सभागृहात ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मागच्या वेळी आवाज बिघडला तो माझ्या हातून. पिकअप चांगला आहे." त्या मामांची आठवण ठेवा.