पान्यातला कुत्ता

"तुझ्या त्या टक्-टकवर मी माझी शेळीसुद्धा बांधणार न्हाई, पम्या," तातेराव म्हणला. "अन् तू त्याच्या भरोशावर चौदा बायांची जीप रस्त्याला लावलीस."

"प्रेमसिंगचं माझ्यावर ढकलू नका उस्ताद," प्रमोद म्हणला. "तो ट्रॉलीत माल भरत न्हाई, डोंगर भरतो. त्याला काय बोललात का तुमी?"

"माल चाकावर बसतो. नट ढिला करत न्हाई. ट्रॉलीच्या चाकाचे पाचातले तीन नट सांडले, ज्वारी सांडावी तसे. ते दोन राहिले म्हणून ट्रॉली नाल्यात गेली न्हाई."

"मग ते दोन कोण कसले होते? मीच ना?"

तातेरावनं तळहातावरचा तंबाखू तसाच ठेवला, मळला न्हाई. म्हातारा चिडला की मळतो, घाबरला की हात थांबतो. प्रमोदला हे चांगलं म्हाईत होतं, म्हणून त्यानं तिकडं बघायचंच टाळलं.

"मंगळवारी विश्वंभरच्या जीपची चारी चाकं तूच बसवली," तातेराव हळू म्हणला. "आमची शकू रोज त्यातच बसून कुरुंद्याला जाऊन राहिली. हळद शिजवायला. आजबी गेली. मला एवढंच सांग, त्या चाकांचं काय?"

"काही न्हाई होत त्या चाकांना."

"कशावरून?"

"आवाज ऐकला ना विश्वंभरनं. कान लावून ऐकला. तीन-तीन बार."

जवळा बाजार गावात, औंढ्याच्या रस्त्याला तातेरावचं गॅरेज. प्रमोद त्याच्याच हाताखाली शिकला, मग चार वर्षं पुण्याकडं एका कंपनीत ठेक्यावर राहिला, अन् ठेका संपला तसा परत आला. येताना त्यानं एक चीज आणली, टॉर्क पाना. कंपनीच्या मागच्या भंगारवाल्याकडून उचललेला. दांड्यावर आकडा लावायचा, नट तेवढा कसला की पाना टक् वाजतो, म्हणजे बस. ना कमी, ना जास्ती. अख्ख्या बाजारात दुसऱ्या कुणापाशी न्हाई. तातेरावची रीत जुनी. चाकाच्या पान्याला नळी लावायची अन् वर उभं राहायचं. गुडघे गेले तरी म्हातारा उभाच राहायचा. प्रमोद सगळ्यांदेखत हसायचा, उस्ताद नट कसून राहिले का झोका खेळून राहिले.

अन् प्रमोदनं आपली एक रीत पाडली. चाक बसवलं की गिऱ्हाइकाला खाली बसवायचं, कान चाकापाशी न्यायला लावायचा, अन् एकेका नटाला तीन टक् ऐकवायचे. ऐकलं ना? गिऱ्हाइकानं मान हलवली की मगच गाडी बाहेर. लोकाला हे असं आवडलं की विचारू नका. लग्नाच्या गाड्या यायल्या, शाळेच्या गाड्या यायल्या. ज्याचं चाक ढिलं न्हाई तोबी म्हणायचा, दादा जरा टक् करून दे.

"खोल तो पाना," तातेराव म्हणला.

"खोलतो. अन् बराबर निघाला तर?"

"तर मी तुझे पाय धरीन. खोल आधी."

तातेराव पायरीवर बसून विश्वंभरला फोन लावू लागला. बायकोपाशी, शकुबाईपाशी, फोन नव्हता. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. दीड वाजला होता. बाया तीनला सुटतात.

प्रमोदनं पान्याच्या डोक्यावरची गोल क्लिप पक्कडीनं काढली, चकती सरकवली, आतलं सगळं डिझेलच्या डबड्यात ओतलं. या डोक्यात एक दातेरी गरारी असते, अन् तिच्या दातात अडकून बसणारा बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा. त्याला गॅरेजात कुत्ता म्हणतात. गरारीला एका बाजूनं फिरू देतो, उलटी जाऊ लागली की चावा धरतो. त्यानं धरलं तरच पान्याचा जोर नटापर्यंत पोचतो.

त्यानं कुत्ता फडक्यानं पुसला अन् उन्हात धरला.

ढिलं करायच्या बाजूचे दात नवे कोरे. कसायच्या बाजूचे म्हाताऱ्याच्या दाढांसारखे, चावून चावून गोल झालेले. कड म्हणून राहिलीच न्हाई. अंगठा फिरवला तर साबणावरून फिरावा तसा फिरला.

बाकीचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जोर आला की हा चावा सोडणार, एक दात पुढं सरकणार, अन् सरकताना वाजणार. टक्. दांड्यातून येणारा खरा आवाज येगळा अन् डोक्यातून येणारा हा येगळा. पण बाजारातल्या कालव्यात, गिऱ्हाइकाचा कान चाकाला अन् आपलं ध्यान गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं, तिथं कोण फरक करतो? मधी एक-दोन बार दांडा जरा लांब उडल्यासारखा वाटला होता. त्यानं ग्रीसवर ढकललं होतं.

"काय निघालं?" तातेरावनं पायरीवरून विचारलं.

"थोडा घासलाय."

"थोडा म्हणजे?"

"थोडा म्हणजे थोडा. नीट करून राहिलो ना. तुमी फोन लावा."

त्याच टायमाला मोटारसायकलीला किक मारून जीपकडं निघायचं होतं. हे त्याला तवाबी कळत होतं. पण घासला असला तरी धरत असंल की, असं मन म्हणत होतं. आजच घासला असंल. मंगळवारी बरा असंल. नीट करून बघू, मग बोलू. अन् खरं सांगायचं तर हात चालू होते तोवर डोकं गप बसत होतं. रस्त्याला लागलं की डोकं बोलणार होतं.

नवा कुत्ता नांदेडलाबी मिळायचा न्हाई. पण याची दोन्ही तोंडं सारखी होती. उलटा करून बसवला तर ढिलं करायची बाजू कसायला येते. पान्यानं नट ढिले करतो कोण? म्हणून ती बाजू कोरी. त्यानं गरारीचे दात सुईनं एकेक कोरून काढले, त्यातून काळा चिखल निघाला. स्प्रिंग दबून बसली होती, ती टाकली अन् भंगारातल्या सायकलीच्या फ्रीव्हीलमधून तार काढून वाकवली. एक बार छोटी झाली. दुसऱ्या बारला उडून टायराखाली गेली. तो टायराखाली पोटावर झोपून हुडकत बसला, अन् तातेराव वरून म्हणत राहिला, उचलत न्हाई रे, उचलत न्हाई. तिसऱ्या बारला बसली. ग्रीस, चकती, क्लिप. गरारी फिरवली तर असा बारीक, टोकदार आवाज आला की त्याचं त्यालाच बरं वाटलं. असं काम कंपनीतल्या साहेबानंबी केलं नसतं.

पावणेतीन झाले होते.

चाकाचा जुना हब टेबलावरच्या शिकंज्यात आवळला, नट लावला, आकडा एकशेदहावर, जीपला लावला होता तोच. एका हातानं दांडा ओढला. मंगळवारी एकाच हातानं ओढला होता, दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

आवाज न्हाई.

त्यानं दुसरा हात लावला. न्हाई. पाय टेबलाला टेकवला, खांद्यापासून ओढलं, कमरेपासून ओढलं. टेबल सरकलं. मानेची शीर ताणली. तवा कुठं दांड्यातून आवाज आला, एकच, दबका.

टक्.

हा आवाज त्याला ओळखूच आला न्हाई. त्यानं परत केलं. परत तसंच, सगळं अंग लावावं लागलं. मंगळवारचे नट याच्या निम्म्यालाबी पोचले नसतील. अन् मंगळवारचेच काय. मागच्या म्हैन्याची ती शाळेची गाडी. प्रेमसिंगची ट्रॉली. लग्नाच्या दोन. नावं आठवत गेली, अन् एकेका नावासंगं एकेक तोंड आठवत होतं, चाकाला कान लावून खूश झालेलं.

पाना हातात होता. चांगला झाला होता. आता तो कुणाच्याच कामाचा नव्हता.

"झाला का नीट?" तातेराव म्हणला.

"झाला."

"मग जीपची चाकं?"

प्रमोदनं मुंडी हलवली, न्हाई म्हणून. म्हाताऱ्यानं शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं परत फोन लावला, अन् तेवढ्यात तिकडून उचलला. तातेरावनं फोन प्रमोदच्या हातात दिला.

"हा, विश्वंभर, कुठंय तू?"

"निघालो की. वसमत मागं टाकलं. आज हळद लवकर उरकली." मागं बाया हसत होत्या, कुणीतरी कुणाच्या सासूची नक्कल करत होती. "फोन चार्जिंगला होता, आत्ता बघितला. दहा फोन? उस्तादला शकुमावशीबिगर करमत न्हाई का?"

"गाडी बाजूला घे जरा. चाकं बघायची होती."

"काहून?"

इथं बोलायचं होतं. पाना खराब होता, नट ढिले हायेत, चूक माझी हाय. तीनच गोष्टी. तोंड उघडलं, अन् समोर सगळा बाजार उभा राहिला, ज्याच्यासमोर त्यानं उस्तादला झोका खेळणारा म्हणलं होतं.

"सहज," तो म्हणला. "हात लावून बघून घे म्हणलं, एकदा."

"समोरून थोडी थरथर लागून राहिली खरी. पण रस्ताच तसा हाय. तू कसलेत ना दादा ते? मी माझ्या कानानं ऐकलंय. काय होत न्हाई." बायांत परत हशा पिकला. "येतोच अर्ध्या घंट्यात."

फोन कटला.

तातेराव त्याच्या तोंडाकडं बघत होता. "सांगितलं न्हाईस तू."

प्रमोदनं परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तीच बाई, तेच बोलणं.

"थरथर म्हणला ना तो?" तातेराव म्हणला. "मी ऐकलं. थरथर म्हणला. अन् तू सहज म्हणलास. पम्या, शकू पुढच्या सीटवर बसती रे. दाराकडंला."

प्रमोदनं भिंतीवरचा चाकाचा पाना ओढला, कोपऱ्यातली नळी घेतली, दोन्ही गाडीच्या टाकीवर आडवे टाकले. किक मारली. लागली न्हाई. परत मारली. म्हातारा गुडघा धरून उठला, अन् गाडीचं हँडल धरून समोर उभा राहिला.

"मला घे मागं."

"तुमच्यानं बसवणार न्हाई उस्ताद."

"सापडली न्हाई वाटंत तर? तू पोचायच्या आधीच काही झालेलं असलं तर? काय करशील तू एकटा?"

तिसऱ्या किकला गाडी लागली. त्यानं म्हाताऱ्याचे हात हँडलवरून काढले, एकेक बोट करून काढले.

"सोडा उस्ताद. मला निघू द्या आता."