जांभळा खडा पिवळा झाला तेव्हा

दागिने दुरुस्तीच्या त्या दुकानात सासऱ्यांचा एकच नियम होता आणि दिवसातून एकदा तरी तो ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सांधा जोडायला अंगठीला ज्योत दाखवायची असेल तर आधी खडा काढायचा. घाई असो, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, खडा आधी काढायचा. ज्याला हे जमत नाही त्याने खिडकीतल्या टेबलावर बसायचं नाही. खिडकीतलं टेबल म्हणजे दुकानातलं खरं कामाचं टेबल. उजेड तिथे, हत्यारं तिथे आणि मानही तिथेच.

सून लग्न होऊन आली तेव्हापासून काउंटरमागे उभी होती. घड्याळांचे पट्टे विकायचे, तुटलेल्या माळा ओवायच्या, आणि दुपारी सासरे पेंगायला लागले की त्यांची हत्यारं हळूच हाताळून बघायची. तिचा हात चांगला आहे हे सासऱ्यांना कधीच कळलं होतं, पण कबूल करायला त्यांनी वर्षं घेतली. शेवटी बरेच आढेवेढे घेऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून टेबल तुझं. माझे डोळे आता थकले. पण तोवर एकही चूक दिसता कामा नये."

अशा वेळी शहाण्या माणसाने मुकाट्याने पट्टे विकावेत. सूनही तेच करणार होती, पण सासरे दाढ काढून घ्यायला गेले आणि नेमकी त्याच वेळी आत्या दुकानात शिरली.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. ती घरात आली की खुर्च्यासुद्धा सरळ उभ्या राहतात, असं सुनेचा नवरा म्हणायचा, अर्थात ती गेल्यावर. आल्या आल्या तिने बोटातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली.

"हे नख मोडलंय बघ. खडा पडेल एखाद दिवशी. तो यायच्या आत करून दे. आणि त्याला सांगायचं नाही."

"अहो आत्या, पण बाबा..."

"त्याच्या हातात ही अंगठी जाणार नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही."

यामागे मोठं रामायण होतं. आत्याचे यजमान शिवणयंत्रं विकायला गावोगाव फिरायचे. एकदा परगावच्या बाजारातून त्यांनी बायकोसाठी जांभळ्या खड्याची अंगठी आणली. झालं! घरचं दुकान असताना भाऊजींनी अंगठी बाहेरून घेतली म्हणून सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी हात मागे बांधून लांबूनच ती बघितली आणि निकाल दिला, "काच आहे." भिंग लावून तरी बघ, असं भाऊजी म्हणाले. त्यावर सासरे म्हणाले, "काचेला भिंग कशाला लावायचं?" हे वाक्य त्या घरात पुढे इतकं गाजलं की लहान मुलंही ते खेळताना म्हणायची. भाऊजी हसून सोडून द्यायचे. ते गेले, पण काच काही गेली नाही.

सुनेने अंगठी उजेडात धरली. गोल, द्राक्षाएवढा खडा आणि त्याला धरून ठेवणारी चार बारीक नखं. त्यातलं एक मुळाशी मोडलेलं. बाकीची तीन झिजून इतकी पातळ झाली होती की खडा काढायला वाकवली तर तीही मोडतील, असं तिला वाटलं. मग एका नखाऐवजी चार जोडावी लागणार आणि तोवर सासरे येणार. तिने घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि खड्याभोवती ओला कागद घट्ट गुंडाळला. ओल्या कागदाने खडा थंड राहतो, असं तिने कुठेतरी पाहिलं होतं. अंगठी चिमट्यात अडकवून तिने सासऱ्यांच्या स्टुलावर बैठक मारली आणि ज्योत पेटवली.

नख छान बसलं. इतकं छान बसलं की ती स्वतःच्याच कामावर खूश होऊन बघत राहिली आणि ज्योत जरा जास्त वेळ तिथेच रेंगाळली. कागद एका बाजूने कधी सुकला आणि कधी काळा पडला ते तिला वास आल्यावर कळलं. दचकून तिने ज्योत बंद केली. तापलेली अंगठी पाण्यात मात्र बुडवली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. गार व्हायची वाट बघत बसली आणि मग कागदाची राख फुंकली.

खडा पिवळाधमक झाला होता.

 सुनेने दिवा लावला, विझवला, खिडकीत गेली, डोळे चोळले. खड्याला तडा नव्हता, ओरखडा नव्हता, पण जांभळा रंग म्हणून उरला नव्हता. अगदी बारकाईने बघितल्यावर एका कडेला, नखाच्या आडोशाला, कागद ओला राहिला होता तिथे, जांभळ्याची नखभर रेघ तेवढी दिसली.

हे काय झालंय ते तिला नेमकं माहीत होतं. जांभळा आणि पिवळा हे एकाच स्फटिकाचे दोन भाऊ. जांभळ्याला म्हणायचं ॲमेथिस्ट आणि पिवळ्याला सिट्रीन. जमिनीतून मुळातच पिवळा निघालेला स्फटिक दुर्मीळ आणि तोही बहुधा फिकट, पाण्यात हळद विरघळावी तसा. बाजारात दिसतो तो दाट मधाळ पिवळा बहुतेक वेळा जांभळा भट्टीत भाजूनच केलेला असतो. पण ते भाजणं म्हणजे वाळूत पुरून, हळूहळू तापवून, हळूहळू निववून. ज्योतीत धरलेला खडा बहुधा तडकतोच. हा तडकला नाही ही आत्याची पुण्याई की सुनेचं नशीब, हे ठरवायला तिला वेळ नव्हता. तिच्या हातून टेबल चाललं होतं.

तिने खालचा खण उघडला. त्यात सुट्या जांभळ्या खड्यांची पुडी होती, आणि नशीब बघा, एक अगदी त्याच मापाचा निघाला. पिवळा काढायचा, जांभळा बसवायचा. कुणाला ताकास तूर लागणार नाही. आत्याला कळणार नाही, बाबांना तर अंगठी दिसणारच नाही. तिने दोन्ही खडे शेजारी शेजारी धरले आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला.

काच असती तर ती अशी पिवळी झाली असती का? काच तडकली असती, मऊ पडली असती, भाजलेल्या ॲमेथिस्टसारखी रंगाची उडी तिने मारली नसती. म्हणजे भाऊजींनी परगावच्या बाजारातून आणलेला खडा खरा होता! हे सिद्ध करणारा पुरावा तिच्या चिमट्यात होता आणि तोच ती खणात लपवायला निघाली होती. तिला खुदकन हसू आलं, पण आता खडा बदलणं शक्यच नव्हतं. तिने पुडी बंद केली, दुकानाला कुलूप लावलं आणि आत्याचं घर गाठलं.

अंगठी मुठीत होती. सरळ सांगायचं धाडस होईना, म्हणून तिने फार लांबून सुरुवात केली.

"आत्या, पिवळा स्फटिक असतो ना, तो फार मानाचा खडा हो. जुन्या काळी लोक त्याला पुष्कराज समजूनच घ्यायचे. कित्येकांनी पिढ्यान्पिढ्या पुष्कराज म्हणून मिरवला आणि निघाला पिवळा स्फटिक."

"बरं मग?"

"आणि कणखर असतो. चाकूने ओरखडा उठत नाही. फक्त हिरा, माणिक, पुष्कराज यांच्याबरोबर एका डबीत ठेवायचा नाही. ते त्याला ओरबाडतात."

"तू मला शाळा शिकवायला आलीस का?"

"आणि कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश, बस्स. वाफ द्यायची नाही. कडक उन्हात ठेवायचा नाही, रंग उतरतो. आणि मुख्य म्हणजे त्याला तापवायचा नाही..."

"अगं पण पिवळा खडा आहे कुणाकडे?"

सुनेने मूठ उघडली.

आत्या अंगठीकडे इतका वेळ बघत राहिली की सुनेने मनातल्या मनात काउंटरमागची पुढची वीस वर्षं मोजून घेतली. मग तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. ओला कागद, ज्योत, खणातला खडा, तो बदलायचा विचारसुद्धा. "माफ करा. मी तुमच्या यजमानांची आठवण जाळली," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"रड नंतर," आत्या म्हणाली. "आधी ते काचेचं परत सांग."

सुनेने परत सांगितलं. आत्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग ती खाली बसली.

"एक सांगू? मी ती त्याच्या हातात कधी दिली नाही, ते काही रागाने नाही. भीतीने. त्याने भिंग लावलं असतं आणि खरंच काच निघाली असती तर? ह्यांना कुणी फसवलं असेल तर ते मला कळायला नको होतं." आत्याने अंगठी बोटात चढवली, हात लांब धरून बघितला आणि पदराने डोळे पुसले. डोळे पुसून होतात न होतात तोच तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, आणि ते काही सात्त्विक नव्हतं. "उद्या सकाळी येते दुकानात. तू मूग गिळून गप्प बसायचंस. बोलेन ते मी."

दुसऱ्या दिवशी सासरे खिडकीतल्या टेबलावर गाल सुजवून बसले होते. दाढेच्या जागी कापसाचा बोळा होता, त्यामुळे ते कधी नव्हे ते मोजकंच बोलत होते. आत्या आली आणि तिने थेट त्यांच्या नाकासमोर हात धरला.

"बघ. मीच हिला सांगून भाजून घेतला. म्हटलं, खरं काय ते एकदा कळू दे."

सासऱ्यांनी पिवळ्या खड्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या अंगठीसाठी भिंग उचललं. बराच वेळ बघत होते. कडेची जांभळी रेघ त्यांना दिसली, खड्याखालची काजळीही दिसली. भट्टीत भाजलेला खडा कसा दिसतो आणि ज्योतीत सापडलेला कसा दिसतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं आणि सुनेने मान खाली घातली.

पण बोलणार काय? सुनेला धरायचं तर खडा खरा होता म्हणायला हवं. काच म्हणायचं तर सुनेने काहीच बिघडवलं नव्हतं. सासरे पुरते कात्रीत सापडले होते आणि आत्या ते अगदी चवीने बघत होती.

"खरा आहे," सासरे शेवटी पुटपुटले.

"कोण खरा? मी बहिरी झालेय. तो बोळा काढून बोल."

सासऱ्यांनी बोळा काढला. "खरा आहे, ताई. भाऊजींनी चांगला खडा आणला होता. मी चुकलो."

आत्याने अंगठीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात सुनेला राहवलं नाही. "बाबा, आत्यांनी नव्हतं सांगितलं. खडा न काढता मीच तापवला. तुमच्या टेबलावर बसून."

"अगं ए मूर्ख!" आत्या ओरडली. "इतकं चांगलं चाललं होतं!"

"माहीत आहे मला," सासरे म्हणाले. "नियम मोडलास. टेबलाचं काय ठरलं होतं?"

"चूक झाली तर टेबल नाही," सून म्हणाली. ती पट्ट्यांच्या काउंटरकडे वळली.

"थांब गं," आत्या म्हणाली. मग भावाकडे वळून म्हणाली, "खडा न काढता तापवणाऱ्याला टेबल नाही. ठीक. आणि खडा न बघता त्याला काच म्हणणाऱ्याने कुठे बसायचं, त्याचा काही नियम केलायस का तू?"

सासऱ्यांनी गालावर हात ठेवला. दाढ दुखत होती की दुसरं काही, ते कळायला मार्ग नव्हता. मग ते स्टुलावरून उठले आणि स्टूल पायाने सुनेकडे सरकवलं.

"खाली काजळी राहिलीये," ते म्हणाले. "खडा काढ. आणि मी बघतोय."

सून बसली. तिने एकेक नख हळूहळू उघडलं. चारही नखं शाबूत राहिली. झिजलेली तीन आदल्या दिवशीही राहिली असती, हे तिला आणि सासऱ्यांना एकदमच कळलं. कोमट पाण्यात साबण घालून तिने मऊ ब्रशने खडा धुतला, पुसला, उजेडात धरला.

"आत्या, ही एवढी कड जांभळी राहिलीये. वाळूत घालून नीट भाजला तर तीही पिवळी होईल. करू?"

आत्याने चष्मा लावला. पुढे वाकून ती ते जांभळं बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "ती ह्यांची आहे."

सुनेने खडा पुन्हा अंगठीतल्या त्याच्या घरात ठेवला. आधी ती कड नखाखाली झाकली जात होती. तिने खडा जरासा फिरवला, कड दोन नखांच्या मधोमध उघड्यावर आणली आणि मगच नखं मिटली.