वचनपेटीतल्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे असं म्हणायची रीत आहे, पण मी कुठली जुनी? पाचच वर्षांची! तरी ऐका, आणि मधेच उठायचं नाही हं.

नागापूरच्या एमआयडीसीत नोहा पप्पा कामाला. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला ठोकून ठोकून घडवलं. बिजागरी जरा तिरकी बसली, म्हणून झाकण उघडलं की मी 'कर्र' वाजते. पारनेरजवळच्या त्यांच्या घरी आले तेव्हा मम्मी म्हणाली, "अहो, वचनपेटी केली का उंदराचा पिंजरा?" पण यशया आजोबांनी मला मांडीवर घेतलं. आजोबा रिटायर शिक्षक. त्यांनी शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर लिहिली, करंगळीएवढ्या सुरळ्या केल्या आणि मला गच्च भरलं. नव्या वर्षाला सगळे एकेक वचन काढायचे. शेजारचा स्टीफन मुलगी बघायला निघाला, तेव्हा त्याला नेमकं धीर धरायचं वचन निघालं. सगळी आळी हसली, मी पण हसले असते!

आणि मग ग्रेसच्या नावानं पत्रं आली. ग्रेस म्हणजे पप्पांची लेक, आजोबांची नात, शेतीची पदवी घेतलेली. पुढच्या पदवीसाठी परदेशातल्या दोन विद्यापीठांनी एकदमच बोलावलं, खर्चासकट.

"त्यातलं चांगलं कुठलं गं?" आजोबांनी विचारलं.

"आयर्लंडचं एका वर्षात संपतंय, आजोबा. नेदरलँड्सला दोन वर्षं लागतात."

"वर्षं न्हाई इचारली मी. शिकिवत्यात काय?"

"आयर्लंडला मालाची विक्री, पॅकिंग असलं. आणि तिकडं... माती. कमी पाण्यावरची शेती. आपल्या रानासारखी." तिकडचं सांगताना तिचा आवाजच बदलला, शप्पथ!

"मंग अडलंय कुठं?"

ग्रेस आजोबांच्या गोळ्या मोजायला लागली. कारण जे अडलं होतं तेच खाटेवर बसून तिला विचारत होतं! आजोबांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून दोनदा ग्रेसच त्यांना नगरला न्यायची. दोन वर्षं म्हणजे किती, ते दोघांनाही माहीत होतं.

शेवटी पप्पा म्हणाले, "दोन चिठ्ठ्या टाक पेटीत. रविवारी उपासनेनंतर काढू. निघंल ती देवाची मर्जी."

शुक्रवारी ग्रेसनं माझ्यातली वचनं काढून ठेवली, दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि टाकल्या. आणि मित्रांनो, दोन्हींवर आयर्लंड!

शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. आजोबांनी मला उघडलं. कर्र! एक चिठ्ठी वाचली. दुसरी वाचली. "लबाड पोरगी," म्हणाले आणि हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग दोन्ही चिठ्ठ्या फाडून खिशात टाकल्या आणि नव्या दोन लिहिल्या. हात इतका थरथरत होता की दोन शब्दांना अर्धा तास लागला. दोन्हींवर नेदरलँड्स. मला म्हणाले, "बोलू नको बरं का कुनाला." मी पत्र्याची, मी कुठं बोलणार?

रविवारी प्रार्थना झाली. ग्रेसनं बिनधास्त हात घातला, चिठ्ठी उलगडली आणि तिचा चेहराच उतरला. ती वाकडीतिकडी अक्षरं! तिनं आजोबांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

"वाच की मोठ्यानं," ते म्हणाले. "दोन वर्षं कशी जात्याल, कळायचं बी न्हाई."

तिनं वाचायच्या आधीच! पण 'ही चिठ्ठी माझी नाही' हे ती कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं वाचलं. पप्पा म्हणाले, "आमेन."

जायच्या दिवशी तिनं मला हळूच उघडलं, दुसरी चिठ्ठी बघितली, तशीच परत ठेवली. दारात आजोबांच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजोबा, मला..."

"गाडी चुकंल," आजोबा म्हणाले.

मग फोनवर रोज तेच. "माती दाखीव गं तिकडची." ती मूठभर माती मोबाईलपुढं धरायची. चिठ्ठीचा विषय कोणीच काढत नव्हतं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आजोबा गेले. ती पोचणार कशी? कबरस्तानात स्टीफननं मोबाईल धरला, आणि इकडं सगळे कबरीत मूठमूठ माती टाकत होते तेव्हा तिकडं तिची मूठ नुसती मिटलेली होती. स्टीफन नंतर मम्मीला सांगत होता, ते मी ऐकलं.

तेव्हापासून मला कोणी उघडलं नाही. बिजागरी गंजली.

मागच्या महिन्यात ग्रेस पदवी घेऊन आली. तिनं चाकूनं माझं झाकण उचकटलं, ती चिठ्ठी काढली आणि मांडीवर मला घेऊन म्हणाली, "आजोबा, मला तवाच कळलं हुतं. मला तुमच्यापाशी ऱ्हायचं हुतं. आणि मला तिकडं जायचं बी लई हुतं."

हे ती पत्र्याच्या डब्याला सांगत होती, मित्रांनो.

मला पुसा, तेल घाला, असं मी मागत नाही. गंजले तर गंजले. पण खाटेवरच्या माणसाला जे सांगायचंय ते तो खाटेवर आहे तोवर सांगा, माझ्यात टाकू नका. मला उत्तर देता येत नाही. तिनं झाकण लावलं तेव्हा मी जीव तोडून बोलायला गेले, आणि नुसतं कर्र वाजलं.