विश्व कशात पसरतं

२००४ साली चांदूर बाजारला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं, तेव्हा महादेवराव परीक्षक होते. वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. आठवीतली लुबना त्यांच्यासमोर इलॅस्टिकची पट्टी घेऊन उभी राहिली. पट्टीवर सात बटणं शिवली होती. तिचे वडील रऊफभाई गाद्या-रजया भरायचे.

तिनं पट्टी ताणली. "पाहा सर, कोणत्याबी बटणावरून पाहा, बाकीचे दूरच जाते. जे लांब, ते जास्त जोरात. विश्व असंच पसरून राहिलं."

"पण कशात पसरते?"

"कशातच नाही सर. जागाच वाढते. बाहेर काही पाहिजेच असं नाही."

"पट्टीले तं टोक आहे. विश्वाले?"

"ते कोणालेच मालूम नाही. टोक नसनबी."

महादेवराव हसले. "दूध उतू गेलं तं चुलीवर सांडते, बाई. तुयं विश्व कुठं सांडते?"

आजूबाजूची पोरं, मास्तर सगळे हसले. लुबना मान खाली घालून पट्टी गुंडाळू लागली. पहिला नंबर ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेला. त्या वर्षी गावोगावी कपाशी बुडाली होती. शेतीच्या कामाचं काहीतरी वर जिल्ह्याला गेलं पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटत होतं. महादेवरावांनाही.

नऊ वर्षांनी ते अकोल्याला मुलीकडे, पौर्णिमाकडे गेले होते. ती कॉलेजात शिकवायची. तिथं विश्वावर एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. महादेवरावांनी उठून विचारलं, "विश्व पसरतं, पण कशात?"

"कशातच नाही," प्राध्यापक म्हणाले. "अवकाशच ताणलं जातं. त्याला बाहेर लागत नाही. ते अनंत आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही."

महादेवराव खाली बसले. पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही.

त्या रविवारी ते लुबनाचं घर शोधत चांदूर बाजारला गेले. गावात नव्या रजया कोणी भरेना, म्हणून रऊफभाईंनी धंदा बंद केला होता. लुबनाची शाळा नववीतच सुटली होती. आता ती नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात होती. तो तिच्या सुट्टीचा दिवस होता. तिनं सरांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा ठेवला.

"लुबना, तुयं बरोबर होतं. मीच चुकलो."

"मले मालूम होतं सर."

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"सगळे हसत होते." तिनं कप पुढे केला. "त्याच्यानंतर मी वर्गात काही विचारलंच नाही."

बाहेरून दहावीला बस, फॉर्म मी भरतो, असं ते म्हणाले.

"शिफ्ट दर हप्त्याले बदलते सर. आता नाही होत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना परतीच्या एसटीत वाटत राहिलं.

त्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून ते आता दर तासाच्या शेवटी थांबायचे. पोरं वह्या मिटून घंटेची वाट पाहत.