बर्फाचा वरचा सूर

आमच्या वेळी उप्सालाहून स्टॉकहोमला आगगाडीने जाणारा विद्यार्थी एक तर आजारी असायचा, नाही तर म्हातारा. जानेवारीत मेलारेन सरोवर घट्ट गोठलं की शनिवारी पाठीला पिशवी लावायची, बुटांना स्केट्स आवळायचे आणि बर्फावरून राजधानी गाठायची. रविवारी परतताना गाडी चालायची, त्याला कुणी हसत नसे.

अठ्ठावन्न साली आम्ही तिघं निघालो होतो. माझ्या खोलीत राहणारी गुनवोर, डॉक्टरकीला असलेला टोर्केल आणि मी. मुक्काम गुनवोरच्या आत्याकडे. तिच्या घरी न्हाणीत गरम पाणी होतं, आणि आमच्या लेखी तेवढं कारण पुरेसं होतं. माझे वडील समुद्रातल्या बेटांवर टपाल पोचवायचे, हिवाळ्यात बर्फावरून. त्यामुळे टोर्केल मला 'पोस्टमास्तरीणबाई' म्हणायचा.

टोर्केल नुकताच बरा होऊन आला होता. सबंध पानगळ त्याने क्षयाच्या दवाखान्यात काढली होती, रोजच्या रोज इंजेक्शनं घेत. परतला तो वाळलेला, पण पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलणारा. सतत विनोद करायचा. आणि चालताना, सायकलवर, बर्फावर, सगळीकडे आमच्या पुढे असायचा.

त्या दिवशीही तसाच. मी वडिलांची लोखंडी टोकाची काठी घेऊन मध्ये, गुनवोर मागे.

"टोर्केल, अरे थांब की! तुझं लग्न लागतंय का तिकडे?" गुनवोर ओरडली.

त्याने वळूनही पाहिलं नाही.

"कान दवाखान्यातच विसरून आलाय मेला," ती मला म्हणाली.

दुपारी एका खडकावर बसून आम्ही राय धान्याचा काळा पाव आणि चीज खाल्लं. समोरासमोर बसल्यावर टोर्केल सगळ्याला उत्तरं देत होता. तेवढ्यात सरोवराच्या पोटातून एक लांबलचक, घोगरा आवाज आला. त्याने घास हातातच थांबवला.

"ऐकलंत? आजोबा घोरताहेत. चांगला जाड आहे बर्फ. उठा."

वडील मला हेच शिकवत. जाड बर्फ खर्जात बोलतो. जसजसा पातळ होतो तसतसा त्याचा सूर चढत जातो. स्केटखाली ताणलेल्या तारेसारखा वाजायला लागला की तिथून निघायचं, आणि पाखरासारखा चिवचिवायला लागला तर देवाचं नाव घ्यायचं. मात्र थांबायचं नाही. उभं राहिलं की वजन एका जागी येतं. मोठा बाक घेऊन हळूच वळायचं आणि आल्या वाटेने परतायचं.

उन्हं कलली तेव्हा शहर दिसू लागलं. पूर्वेला धुराडी, चर्चचा मनोरा, आणि त्यांच्या अलीकडे पूल. बर्फावर गोठलेल्या दवाची पांढरी भुकटी बसली होती. सूर्य आमच्या पाठीशी, अगदी झाडांच्या टोकांवर आलेला. टोर्केल बराच पुढे गेला होता. सरळ पुलाच्या दिशेने.

काठाच्या जमिनीचं सरोवरात शिरलेलं एक टोक ओलांडलं आणि माझ्या पायांखालचा आवाज बदलला. आधी मला वाटलं, माझ्याच स्केटचा पट्टा करकरतोय. मग कळलं. सूर वर गेला होता.

"दाग्नी," गुनवोर मागून म्हणाली, "हे काय वाजतंय गं?"

"वळ. मोठा बाक घे. मागे त्या टोकापाशी जा आणि पिशवीतली दोरी काढून ठेव."

"आणि तो?"

तो जातच होता. पुलाखालून पाण्याला ओढ असते आणि तिथला बर्फ कधीच नीट धरत नाही. त्याच्या पायांखालून आता पाखराचा आवाज येत होता, मला इतक्या लांबून ऐकू येत होता. चिव, चिव, प्रत्येक पावलाला. आणि तो मजेत हात मागे बांधून चालला होता.

आम्ही दोघींनी हाका मारल्या. घसा फाटेस्तोवर मारल्या. गुनवोरची किंकाळी पलीकडच्या काठावरून उलटून आली. टोर्केलची मानसुद्धा हलली नाही.

सकाळपासूनचं सगळं एकदम समोर उभं राहिलं: न वळणं, मोठ्याने बोलणं, पुढे पुढे असणं. पुढे असलेल्या माणसाने उत्तर दिलं नाही तर कुणाला नवल वाटत नाही. पण मग आजोबांचं घोरणं त्याने कसं ऐकलं? ते त्याने ऐकलं होतं, खरंच ऐकलं होतं. मग हे का नाही?

विचार करायला वेळ नव्हता. मी पिशवीतलं संत्रं काढून त्याच्या दिशेने जोरात सोडलं. ते भलतीकडेच घरंगळत गेलं.

त्याच्यामागे जावं तर एका जागी दोघांचं वजन. मी त्याची वाट सोडून उजवीकडून, दूर राहून, त्याला गाठायला निघाले. बर्फ माझ्याखालीही चिवचिवत होता. काठी टोचून पाहायचं धाडस होईना. गुडघे वाकवून, श्वास कोंडून, पाय जवळजवळ न उचलता मी सरकत होते. त्याच्या स्केट्सच्या मागे दोन काळ्या ओल्या रेघा उमटताना दिसल्या. पाणी वर येत होतं.

तेव्हा माझी नजर माझ्या सावलीवर गेली. ती माझ्यापुढे कितीतरी लांब पसरली होती, त्या पांढऱ्या भुकटीवर निळी. मी आणखी थोडी सरकले, सूर्य बरोबर पाठीशी घेतला आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. सावलीचं टोक त्याच्या पायांपुढे जाऊन पडलं. मी काठी गरागरा फिरवली.

त्याने खाली पाहिलं. मग मागे.

माझा चेहरा त्याला दिसला असावा. मी काठीने हवेत मोठा बाक काढून दाखवला. ओरडले नाही, कारण त्याचा उपयोग नाही हे आता मला ठाऊक होतं. नको थांबूस, एवढंच मनात म्हणत होते. नको थांबूस, नको थांबूस.

तो थांबला नाही. डावा पाय जरासा तिरका करून तो वळू लागला, इतका हळू की मला रडू येईल असं वाटलं. त्याच्यामागे बर्फ दाबलेल्या गादीसारखा खाली जात होता आणि पुन्हा वर येत होता. मीही वळले. आम्ही समांतर परत येत होतो, एकमेकांकडे न बघता. टोक जवळ आलं आणि तिथेच त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला.

तो लगेच पोटावर पडला. अशा वेळी धरून वर यायला आम्ही सगळेच गळ्यात दोन खिळे अडकवायचो, ते काढून त्याने बर्फात रोवले. मीही आडवी झाले. गुनवोरने टाकलेली दोरी पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा त्याने ती दातांत धरली, मग मनगटाला गुंडाळली, आणि आम्ही दोघींनी त्याला पोत्यासारखं ओढून आणलं.

"गाढवा!" गुनवोर समोर बसून त्याच्या छातीवर बुक्के घालत होती आणि रडत होती. "बहिऱ्या गाढवा! किती हाका मारल्या तुला!"

"बायकांच्या हाका ऐकत बसलो असतो तर एव्हाना तीन पोरांचा बाप झालो असतो," तो म्हणाला. दात वाजत होते, तरी विनोद सुटला नाही. गुनवोर रडतारडताच हसली. मी हसले नाही.

काठावरच्या वाळक्या लव्हाळ्यांतून आम्ही रस्त्यावर आलो. पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानात शेगडीपाशी जागा मिळाली. बाईने टोर्केलला कोरडे लोकरी मोजे आणून दिले. गुनवोर आत्याला फोन करायला आत गेली.

मी त्याच्या मागेच उभी होते. "टोर्केल," मी म्हणाले. शेगडीतली लाकडं फुटत होती. तो मोजे चढवत राहिला.

मी पुढे येऊन त्याच्यासमोर बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"इंजेक्शनांनी गेले कान," तो हळू म्हणाला. मी त्याला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "जाड आवाज येतात. तुझा येतो, समोर असलीस तर. गुनवोरचा नाही. नळी लावून छाती तपासतो तेव्हा... कुणाला सांगू नकोस."

"बर्फ वाजत होता, टोर्केल."

"दुपारी वाजत होता. मग गप्प झाला. मला वाटलं, गप्प झाला म्हणजे हात-दीड हात जाड असणार." तो माझ्याकडे बघत राहिला. "नव्हता गप्प?"

मी नकारार्थी मान हलवली.

"कसा वाजत होता?"

काय सांगणार? मी त्याचा हात धरला, त्याची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि तोंड मिटून खालचा सूर लावला. आजोबांचा. त्याने मान डोलावली. मी सूर चढवला. तारेसारखा. त्याने डोळे बारीक केले, मग पुन्हा मान डोलावली, जरा उशिरा. मी आणखी वर गेले, अगदी वर, घसा दुखेपर्यंत. बाईने भांडी धुता धुता वळून पाहिलं.

त्याच्या बोटांना माझा गळा थरथरताना लागत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो अजून वाट बघत होता.

"लाव ना," तो म्हणाला.

"लावलाय," मी म्हणाले. "हाच होता. टोकापासून पुलापर्यंत."

त्याची बोटं माझ्या गळ्यावरच राहिली. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. पूल, त्याच्या अलीकडचा पांढरा बर्फ, त्यावर त्याच्याच दोन काळ्या रेघा. मग त्याने दुसऱ्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली.

गुनवोर तीन कप घेऊन आली. "आत्या म्हणते, पाणी तापवून ठेवते. काय रे, भूत बघितलंस का?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता.