ओल्या पोत्याची झूल

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. नाव म्हटली की ती पाण्यावर हवी, पण मी पाण्याखाली आहे. पूर्णेच्या धरणात, गाळात निम्मी रुतून बसले आहे. मासे अंगावरून जातात, पण ते बोलत नाहीत.

माझा जन्मच मुळी जगावेगळा. धरण झालं, काठच्या बंजारा तांड्याची शेतं पाण्यात गेली आणि जवळा बाजारची वाट पलीकडच्या काठावर राहिली. तेव्हा तांड्यातल्या रामसिंगने जळबा सुताराला गाठलं. जळबाने जन्मभर बैलगाड्या केलेल्या, नाव कशी करतात हे त्याला कुठलं ठाऊक! "चाकं नसलेली गाडीच की," म्हणून त्याने सागवान घेतलं आणि मला गाडीसारखं जोडलं. रामसिंग तरी कुठला नावाडी? त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. तो मलाही बैलासारखंच हाकायचा. "चल गं माय, चल!" माझ्या टोकाला त्याने घुंगरमाळ बांधली होती. पोळ्याला बैलांच्या रांगेशेजारी माझी पूजा व्हायची, अंगावर झूल पडायची, पुरणपोळीचा घास टोकाला लागायचा. लोक पोट धरून हसायचे. हसेनात का! एवढा मान दुसऱ्या कोणत्या नावेला मिळाला, सांगा बरं.

पलीकडे माणूस आला की हाक मारायचा, "रामसिंगऽऽ, नाव आण गाऽऽ!" रामसिंग जेवत असला तरी हात धुऊन उठायचा. त्याची लेक जमना, एवढीशी पोरगी, माझ्या टोकाशी बसून बापाच्या आधीच त्याच्या आवाजात ओरडायची, "आलोऽऽ!"

उन्हाळ्यात पाणी उतरलं की रामसिंग मला काठावर ओढायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि जवसाचं तेल पाजायचा. काय सुख होतं ते! हे ऊन आणि हे तेल ध्यानात ठेवा. पुढे त्याचंच रडगाणं आहे.

मग पूल झाला. माणसं एस.टी.ने जाऊ लागली. रामसिंग तरीही यायचा, माझ्या काठाला हात लावून बसायचा. एक दिवस तोही यायचा थांबला. जमना लग्न होऊन पुसेगावकडे गेली. बाभळीला बांधलेला माझा दोर कुजला आणि एका वादळात मी भरले, बुडाले. माझ्यात कुणी नव्हतं, हे बरंच झालं. पण मी बुडाले हेसुद्धा कुणाला कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

यंदा उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं आणि माझं टोक वर आलं. ते ऐकून हिंगोलीची देवश्री धावत आली. ही पोरगी समुद्राच्या तळाशी उतरून बुडालेल्या जहाजांचा अभ्यास करते. पाठीवर हवेची टाकी बांधून ती माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांनी माणसाचा हात लागला, मित्रांनो! गाळ तिने खरवडला नाही, पाण्यात हाताने वारा घालावा तसा हळूहळू उडवला. दोऱ्या ताणून मला मोजलं, माझी चित्रं काढली. मग डोकं वर काढून ती ओरडली, "अगं बाई, हिला तर बैलगाडीसारखं जोडलंय! अशी नाव मी कुठंच पाहिली नाही."

मी तर फुलून गेले. त्यात जमनाबाई आली. केस पिकलेले, पण चाल बापाचीच. बरोबर धाकटा भाऊ नेमसिंग. "बापूची नाव वर काढू," ती म्हणाली. "तांड्यात मंदिरापुढं ठिवू. सगळ्यांच्या नजरंत ऱ्हाईल." एवढंच तर मला हवं होतं!

आणि देवश्री म्हणते कशी, "नको मावशी. बाहेर काढली तर ती टिकणार नाही." अस्सा राग आला मला तिचा! मला पुन्हा एकटीला सोडायला ही एवढी शिकली काय?

गाळात सुटं सापडलेलं वल्हं तेवढं तिने ओल्या पोत्यात गुंडाळून काठावर ठेवलं. "हे पाण्यात बुडवून ठेवायला मोठी टाकी हवी, ती आणायला हिंगोलीला जाते. तोवर हे ओलंच राहू द्या."

ती गेली आणि जमनाबाईने पोतं सोडलं.

"अक्का, काहून सोडून राहिली? बाई न्हाई म्हणली ना?" नेमसिंग म्हणाला.

"तिला काय ठावं? बापू दरसाल उन्हातच वाळवायचा." तिने वल्हं उन्हात मांडलं, पदराने पुसलं, तेल चोळलं. मला वाटलं, आता माझीही पाळी येणार.

देवश्री परतेपर्यंत वल्हं पिळवटलं होतं, उभं तडकलं होतं. जमनाबाईने उचललं तर मूठ तिच्या हातात राहिली आणि बाकीचं खाली पडलं.

"पोरी, मी बापूचं वल्हं मोडलं गं," म्हणत ती मटकन खाली बसली.

देवश्री रागावली नाही. तिच्याजवळ बसली. "मावशी, तेव्हा लाकूड ताजं होतं. आता ते आतून पोकळ झालंय. पाण्यानेच त्याचा आकार धरून ठेवलाय. पाणी गेलं की तेही गेलं."

जमनाबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले. "मंग ऱ्हाऊ दे तिला तितंच. कुणी हात लावायचा न्हाई."

उरलेला उन्हाळा ती नेमसिंगकडेच राहिली. रोज यायची, माझ्या उघड्या टोकावर ओलं पोतं घालायची, वर गाळ थापायची आणि म्हणायची, "ही तुजी झूल, माय."

मित्रांनो, नदीत, तळ्यात असं काही जुनं दिसलं तर मायेनेसुद्धा ओढून काढू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि तोवर ते ओलं ठेवा. पण आम्हाला तिथंच ठेवलंत म्हणून विसरू मात्र नका. पाण्याखाली फार एकटं वाटतं हो.

पाणी पुन्हा चढलं आहे. मी तळाशी गेले आहे. परवा पोळा झाला. वरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, पुरणपोळीचा एक घास डुबकन पाण्यात पडला आणि काठावरून हाक आली, "रामसिंगऽऽ, नाव आण गाऽऽ!"

जमनाबाई थोडा वेळ थांबली. नाव पलीकडून यायला लागायचा तेवढाच. मग तीच ओरडली, अगदी बापाच्या आवाजात, "आलोऽऽ!"